लाल रेघ आणि उलटी कोयरी

अनुभवकथन लिहावं ते आयुष्यभर एकच काम केलेल्या माणसानं. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि ज्या कामाबद्दल लिहितो आहे ते मी कॉलेज सांभाळून थोडाच काळ केलं. या अंकात माझ्या मागेपुढे ज्यांचे लेख असतील त्यांची नोकरी माझ्या वयाहून मोठी असेल. लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. संपादकांनी आग्रह केला म्हणून लिहिलं, असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते खोटं होईल. मीच श्रावणात त्यांच्याकडे गेलो आणि एका यंत्राबद्दल लिहू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "यंत्राचं कोण वाचणार? माणसांचं लिही." जमेल तसं दोन्हींचं लिहितो.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील तासगावला बेदाण्याच्या शेडवर आहेत. मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे रेडू दुरुस्ती न्हवं? मग त्याला कालेज कशाला?" सांगलीत स्टँडमागच्या बोळात वजनकाटे आणि मीटर दुरुस्त करणारं एक दुकान आहे, तिथे मी अर्धवेळ लागलो. थोड्याच दिवसांत मालकांनी मला एक काम दिलं. ते दुकानात दुसऱ्या कुणाला नको होतं, कारण त्यासाठी एसटीनं साताऱ्याला जावं लागायचं आणि तिथल्या माणसापुढे कुणी टिकत नव्हतं.

तो माणूस म्हणजे सुभेदारसाहेब. फौजेतून निवृत्त होऊन ते साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये मुलामुलींना पिस्तुलाची नेमबाजी शिकवत. त्यांच्या जुन्या अधिकाऱ्यानं परदेशातून एक यंत्र आणून शेडला भेट दिलं होतं. ते यंत्र नीट चालतं आहे की नाही हे बघणं, आणि नसेल तर त्याची जुळणी करणं, हे माझं काम. इंग्रजीत कॅलिब्रेशन म्हणतात. सुभेदार जुळणीच म्हणत.

यंत्र कसं ते सांगतो. हवेच्या दाबावर छर्रा मारणारं पिस्तूल असतं. त्याच्या नळीखाली काडेपेटीएवढी एक डबी चिमट्यानं आवळून बसवायची. डबीला पुढे काचेचा डोळा. समोर टार्गेटच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारे बारीक दिवे. डबी ते दिवे बघते आणि पिस्तुलाचं तोंड या क्षणी कुठे रोखलेलं आहे ते तारेवाटे कॉम्प्युटरला कळवते. नेमबाज हात वरून खाली आणतो, गोलाखाली थांबवतो, घोडा दाबतो. या सगळ्या वेळात हात कसा हलला त्याची एक रेघ पडद्यावर उमटते. छर्रा भरावाच लागत नाही. नुसता खटका वाजला तरी नेम कुठे लागला असता ते दिसतं.

पण डबी नळीखाली असते आणि नेम धरायची माशी नळीच्या वर. दोघींची तोंडं कधीच नेमकी एका जागी नसतात. म्हणून आधी खरे छर्रे भरून कागदावर मारायला लावायचं. कागदाला भोक पडतं एकीकडे, पडद्यावर ठिपका पडतो दुसरीकडे. मग तो ठिपका सरकवत सरकवत भोकावर आणायचा. कागद खरा, यंत्र खोटं, आणि खोट्याला खऱ्यापर्यंत आणून तिथे बांधून ठेवायचं, एवढीच या कामातली विद्या आहे. बांधून ठेवायचं म्हणजे चिमट्याचा स्क्रू आवळायचा आणि स्क्रू आणि चिमटा या दोहोंवरून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढायची. ती तुटलेली दिसली, तर कुणीतरी हात लावला असं समजायचं.

या नेलपॉलिशनं मला घरी गोत्यात आणलं. स्टँडजवळच्या बांगडीवाल्या काकू आमच्या गावच्या. पहिल्यांदा बाटली घेतली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणासाठी रं?" मी खरं ते सांगितलं, "पिस्तुलासाठी." पुढच्या सुट्टीत घरी गेलो तर आईनं ताट वाढायच्या आधीच विचारलं, "पोरगी कुणाची ते सांग. आन् पिस्तूल कशापायी लागतंय ते बी सांग." वडिलांनी माझी पिशवी उघडून बघितली होती. घड्या बदललेल्या होत्या.

खरं तर या कामात सगळ्यांनाच सगळ्यांचा संशय. कऱ्हाडच्या स्टँडवर डबी मांडीवर घेऊन बसलो की शेजारी सरकून बसत. एकदा तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार दुकानात आले आणि म्हणाले, "हे यंत्र बागंत बसवून द्या. पाखरू आलं की वाजाय पायजे." मी सांगितलं, हे पाखरू ओळखत नाही, फक्त नेम कुठे आहे ते सांगतं. ते मालकांकडे बघून म्हणाले, "तुमचा पोरगा मुद्दाम न्हाई म्हणतोय. पलीकडच्या बागवाल्यानं फितवलाय त्याला." आणि निघून गेले.

साताऱ्यातही माझी सुरुवात संशयानंच झाली. दुपारी चारच्या सुमारास सगळ्यांचे ठिपके एका बाजूला पळायचे, सकाळी ठीक. सुभेदार म्हणाले, "कालेजवाले, तू सकाळी बसवतोस आन् दुपारी ते झोपतंय. तुज्यासारखंच हाय." मी दोनदा येऊन गेलो, काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी दुपारभर टार्गेटसमोर नुसता बसून राहिलो. चारला पत्र्याच्या एका भोकातून उन्हाचा कवडसा आला आणि बरोबर चौकटीवर टेकला. डबीला उन्हातला तो न दिसणारा उजेडही दिवाच वाटत होता. भोकात डांबर भरलं, रोग गेला. सुभेदार शाबास म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून चहा सांगताना माझा कप मोजू लागले. मी मात्र एक शिकलो. कुणाला चोर ठरवायच्या आधी ऊन बघावं.

आता माझ्या खऱ्या गोष्टीकडे येतो.

शेडमध्ये एकच पिस्तूल आणि एकच यंत्र. मुलं बरीच, पण पुढे जातील असे दोघंच. एक रणजित. तो सांगलीचा, उसाच्या घरचा, साताऱ्यात मामाकडे राहून शिकणारा. तोंडात खडीसाखर, आणि शेडची एक किल्ली त्याच्या खिशात, कारण शेड मामाच्या जागेत होती. दुसरी सुनंदा. ती मिरजेची, मुलींच्या वसतिगृहात राहायची. कमी बोलायची. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शेड झाडायची, म्हणून दुसरी किल्ली तिच्याकडे. सुभेदारांचा तिच्यावर जीव होता आणि रागही तितकाच. "पोरीचा डोळा गरुडाचा हाय," ते म्हणायचे, "पर हात कुणा दुसऱ्याचा लावलाय द्येवानं."

पुण्याला एक मोठं शिबिर भरणार होतं आणि आमच्या शेडमधून एकालाच पाठवायचं होतं. मुलगा किंवा मुलगी, कुणीही. सुभेदारांनी जाहीर केलं होतं की निवड यंत्रावर होणार, म्हणजे कुणी वशिला म्हणायला नको. सुनंदाच्या घरून स्पष्ट सांगणं आलं होतं. या वर्षी पुण्याला निवड झाली तर पुढे शिक, नाहीतर वसतिगृह सोडून परत ये.

यंत्रावर निवड म्हणजे एका अर्थी माझ्या लाल रेघेवर निवड. हे मला तेव्हा जड वाटत होतं, आणि आजही आठवलं की वाटतं.

शेडमध्ये प्रिंटर नव्हता. पडद्यावरची रेघ मुलांना दाखवायची तर ती टिकवायची कशी? मी एक साधी युक्ती केली होती. पडद्याच्या काचेवर बटर पेपर चिकटवायचा आणि खालची रेघ स्केचपेननं गिरवून घ्यायची, कोपऱ्यात नाव. असे प्रत्येकाचे कागद झाले. काही दिवसांनी मला नाव न वाचताच हात ओळखू येऊ लागले, जसं आपल्याला अक्षर ओळखू येतं. रणजितची रेघ वरून सरळ उतरायची आणि खाली माशी घोंगावल्यासारखी फिरायची. सुनंदाची एका बाजूनं वळसा घेऊन यायची आणि शेवटी आत वळायची, लुगड्याच्या काठावरच्या कोयरीसारखी. पण कोयरी कापरी होती. थरथरत्या हातानं काढलेली.

एका माणसाचा कागद मला कधीच करता आला नाही, तो सुभेदारांचा. मी एकदा म्हणालो, "साहेब, तुम्ही मारून दाखवा, मुलांना नमुना होईल." ते उजव्या मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले, "माझा हात कागदाला ठाऊक हाय. यंत्राला कशाला सांगायचा?" आणि बाहेर गेले. घड्याळ उजव्या हाताला बांधायची फौजेत पद्धत असेल, असं मी धरून चाललो होतो.

निवडीच्या आधीच्या वर्षीची खंडेनवमी मला आठवते. शेडमध्ये पाटावर लाल कापड, त्यावर पिस्तूल, झेंडूची फुलं. सुभेदार हळदकुंकवाचं बोट घेऊन पुढे झाले तसा मी डबीच्या काचेवर तळहात धरला. "साहेब, काचेला नको." ते थांबले. मला वाटलं आता हाकलतात. ते म्हणाले, "बरं. डोळ्यात नगं घालू, कपाळाला लावू," आणि डबीच्या वरच्या बाजूला टिळा लावला. मग एकेका मुलानं येऊन पिस्तुलाला हात लावून नमस्कार करायचा. सुनंदा आली आणि तिचा डावा हात पुढे झाला. सुभेदारांचा आवाज शेडभर घुमला. "उजवा. शस्त्राला डावा हात लावायचा न्हाई. किती डाव सांगू?" तिनं हात असा मागे घेतला की जणू काही भाजलं. मला वाईट वाटलं, पण पूजेतली रीत म्हणून मी फार विचार केला नाही.

निवडीच्या आठवड्यात सुभेदारांचा दुकानात फोन आला. मालकांनी रिसिव्हर कानापासून लांब धरला होता, तरी मला ऐकू येत होतं. "तुमच्या कालेजवाल्याला धाडा. आन् त्याला म्हणावं, काय केलंय ते मनाशी ठरवून ये."

मी गेलो. सगळ्यांचे ठिपके उजवीकडे वर पळत होते. आधी ऊन बघितलं. पत्रा बघितला. तार बघितली. मग भिंग लावून लाल रेघ बघितली. रेघ अखंड होती, पण माझी नव्हती. माझी रेघ चकचकीत लाल असायची. ही तपकिरीकडे झुकलेली होती. नखानं खरवडली तर स्पिरिटचा वास आला. म्हणजे कुणीतरी स्क्रू सैल केला होता, परत आवळला होता, आणि मला कळू नये म्हणून नवी रेघ ओढली होती.

"काय गावलं?" सुभेदारांनी विचारलं.

"कुणीतरी डबी काढली होती, साहेब."

"कुणीतरी म्हंजे कोन? किल्ल्या तीन. एक माझी. हे यंत्र उगडता येतंय कुणाला? तुला. तू सांगलीचा, रणजित सांगलीचा. मी फौजेत हुतो, गाढव न्हवतो."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मी नव्यानं जुळणी करून दिली आणि नवी रेघ ओढली. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तीच तपकिरी रेघ.

मला रणजितचा संशय होता. किल्ली त्याच्याकडे, गोड बोलणं त्याचं, आणि सुनंदाचे आकडे खाली गेले तर फायदा त्याचाच. मी त्याला चहाच्या गाडीवर गाठलं.

"सकाळी लवकर येतोस म्हणे शेडमध्ये?"

"मी?" तो हसला. "मामा झोपेतनं उठवाय ढोल आणतोय माझ्यासाठी. आन् तू काय पोलिसात लागलास व्हय?" मग एकदम हसू आवरून म्हणाला, "ऐक गड्या. ठिपके माझे बी पळत्यात. मला कशात काय कळत न्हाई, पर एवढं कळतंय की जो यंत्र बिघडवंल तो आपलं सोडून दुसऱ्याचं बिघडवंल. हितं समद्यांचं बिघडलंय."

बोलणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्याचा आणखी संशय आला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पोहोचलो तर कॉम्प्युटर सुरूच होता. सुनंदा झाडू ठेवून पाणी आणायला गेली होती. त्या यंत्राची एक खोड होती. नवा नेम धरेपर्यंत आधीच्या नेमाची रेघ पडद्यावर तशीच राहायची. जी दिसली तशी रेघ मी कधी बघितली नव्हती. स्वच्छ, एका दमात काढलेली, कुठे कापरेपणा नाही. शेवट एका बारीक ठिपक्यात मिटलेला. आमच्या शेडमध्ये असा हात कुणाचा नव्हता. मी घाईनं बटर पेपर लावून ती गिरवली. कोपऱ्यात नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. मग तो कागद पिशवीत घातला.

परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत मी माणसांची यादी करत होतो. सुभेदारांनी बाहेरचा कुणी गुपचूप आणला असेल का? रणजितचा मामा? कऱ्हाडला गाडी थांबली, खिडकीतून वारा आला आणि मांडीवरचे कागद उडाले. शेजारच्या आजींनी एक पकडून दिला. "घे बाबा. कोयऱ्या काढतोस व्हय? लुगड्याचं काम हाय का तुजं?"

कागद उलटा धरला होता त्यांनी. पाठच्या बाजूनं. त्या बाजूनं ती रेघ कोयरी दिसत होती. वळसा तोच, शेवटी आत वळणं तेच. सुनंदाचा कागद काढून त्यावर ठेवला. एकावर एक बसली. फरक इतकाच, की ही उजव्या हातानं काढलेली कापरी होती आणि ती उलट, म्हणजे डाव्या हातानं काढलेली स्वच्छ.

मी सांगलीला उतरलोच नाही, तसाच मिरजेला गेलो. तो स्पिरिटच्या वासाचा तपकिरी रंग सुनंदाकडे कुठून आला असेल, तिचे वडील काय करतात, हे मला तेव्हाच विचारावंसं वाटलं. तंतुवाद्यांच्या गल्लीत एका दुकानदारानं बोट दाखवलं. सतारींना पॉलिश करणारे एक गृहस्थ ओट्यावर बसले होते. हातात बोळा, पुढे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेची वाटी. रंग तपकिरीकडे झुकलेला लाल. मी वास घेतला आणि परत फिरलो.

पुढच्या खेपेला मी सुनंदाला शेडच्या बाहेर गाठलं. काय बोलावं याची तयारी केली होती, पण ऐन वेळी नुसता तो कागद उलटा करून तिच्यापुढे धरला. तिनं बघितलं. मग म्हणाली, "साहेबांना दाखवलात?"

"नाही."

"मी डावरी आहे. लहानपणी आजीनं डावा हात बांधून उजव्याची सवय लावली, म्हणून लिहिते उजव्यानं. पण नेम उजव्यानं येत नाही हो. डोळ्याला दिसतं, हाताला पटत नाही."

मग तिनं कापडी पिशवीतून एक वस्तू काढली. पिस्तुलाची लाकडी मूठ. पिस्तुलाची मूठ हाताच्या पंजाबरहुकूम कोरलेली असते, उजव्याची डाव्याला चालत नाही. ही डाव्या हाताची होती. सतारीच्या लाकडाची, वडिलांच्या शेजारच्या कारागिरानं कोरलेली, आणि वरून लाखेचं पॉलिश. इतकी देखणी वस्तू मी त्या कामात दुसरी बघितली नाही.

"ही बसवली की डबीची तार पंज्यात येते. म्हणून डबी सैल करून तार दुसऱ्या अंगाला घ्यायची. नंतर रेघेला रेघ जुळवून परत लावायची मी. तुमची रेघ मोडायची, म्हणून घरचं पॉलिश."

"रेघेला रेघ जुळते तुमच्या डोळ्याला. पण इथे केसभर सरकलं की तिकडे टार्गेटवर बोटभर सरकतं."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळ्यांचं माझ्यामुळे..." ती थांबली. "मला वाटायचं तुमचंच यंत्र खराब आहे."

"मला वाटायचं रणजित आहे."

ती हसली. "साहेबांना सांगू नका. शस्त्राला डावा हात लावला म्हणून ते मला काढतील. पुणं राहू दे, शेडही जाईल."

मी सांगणार नाही म्हटलं. म्हणताना मला ठाऊक होतं, की मी गप्प राहिलो तर संशय माझ्याच नावावर राहणार.

निवडीच्या दिवशी सुभेदारांनी सगळ्यांना बाहेर थांबवलं आणि मला एकट्याला आत घेतलं. "नाव सांग."

"साहेब, यंत्र बिघडलेलं नाही. जुळणी मी आत्ता तुमच्यासमोर कागदावर करून देतो. पुन्हा सरकणार नाही, हे मी सांगू शकतो."

"ते कसं सांगतोस?"

"कारण कुणाचा हात होता ते मला कळलंय. त्यात कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. नाव मी सांगणार नाही."

"म्हंजे तुजाच हाय."

मी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता. त्यांनी तो ओढला आणि एकेक बघू लागले. वरचा कागद बिननावाचा होता. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, पण त्यांना ती रेघ सुलट दिसते आहे की उलटी, ते मला इकडून कळत नव्हतं. ते बघत राहिले. मग त्यांनी कागद पालटला. पुन्हा पालटला. चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं हात बघणाऱ्या माणसाला काय दिसलं असेल, हे मी आजवर कित्येकदा मनात फिरवलं आहे.

शेवटी ते म्हणाले, "ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तू जुळणी कर आन् जा."

जुळणी केली. सगळ्यांनी उजव्या हातानं नेम धरले. रणजितची निवड झाली. ती यंत्रानं बरोबरच केली. सुनंदाची कोयरी त्या दिवशीही कापरी होती. ती माझ्याकडे न बघता बाहेर गेली. मी सांगितलं असेल असं तिला वाटलं, की नाही सांगितलं म्हणून वाईट वाटलं, मला कळलं नाही.

त्यानंतर साताऱ्याहून फोन आला नाही. आठवडे गेले, महिने गेले. मालकांनी एकदा विचारलं, "तू तिथे काय केलंस ते मला तरी सांग." मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मान हलवली आणि मला बाहेरची कामं देणं थांबवलं. दुकानात बसून वजनकाटे जुळवत होतो. वजनकाटाही शेवटी तेच काम, खोट्याला खऱ्यापर्यंत आणायचं. पण पारड्यात वजन ठेवलं की माझ्या मनात यायचं, साताऱ्यात आता माझं नाव कशाबरोबर घेत असतील?

श्रावणात एका दुपारी दुकानासमोर रणजित उभा राहिला. पुण्याचं शिबिर, मग परीक्षा, असं करत तो नुकताच परतला होता. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "काय पोलीस? चोर गावला का?"

"सुनंदा कुठे आहे?" मी विचारलं. आधी तेच तोंडातून आलं.

"तुला म्हाईतच न्हाई व्हय?" तो आत येऊन स्टुलावर बसला. "अरं, तू गेलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब मिरजेला तिच्या घरी. म्हणाले, पोरीला वसतिगृहातनं काढायची न्हाई. मग खंडेनवमीला लाल कापडावर पिस्तुलाशेजारी ती डाव्या हाताची मूठ मांडली त्यांनी. स्वतः टिळा लावला. समदी पोरं बघत ऱ्हायली. आता ती डाव्यानंच मारती, आन् औंदा पुण्याला ती चाललीय. मी तिच्यापुढं कागद धरायच्या लायकीचा बी न्हाई."

मी हातातलं वजन पारड्यात ठेवलं.

"मग मला कुणी कळवलं का नाही?"

"त्येच सांगाय आलोय. साहेबांनीच धाडलंय. लाज वाटत हुती त्यास्नी तुला फोन कराय, असं वाटतंय मला." रणजितनं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रोज सकाळी समद्यांच्या आधी शेडमधी येत्यात. सुनंदाकडनं मूठ मागून घेत्यात. आन् डाव्या हातानं मारत्यात. भरतीत हवालदारानं त्यांचा डावा हात मोडाय काढला हुता म्हणं, तवापास्नं उजव्यानं. आता यंत्राला त्यांचा हात बसवायचाय. म्हणाले, कालेजवाल्याला सांग, यंदा माझा कागद कर. आन् येताना ती लाल बाटली घिऊन ये."